येतो म्हणालो आणि बुडालो

चहाचा कप आधी खाली ठेवा. हे ऐकताना घोट घेतलात तर ठसका लागेल, आणि माझ्या नावावर आणखी एक भानगड चढेल. एक आधीच आहे. आयर्लंडच्या एका बंदरगावात मला शोधायला हेलिकॉप्टर उडालं होतं, आणि त्याच वेळी इकडं नांदेडला आमच्या गल्लीतल्या बायका डोक्यावरून पदर घेऊन माझ्यासाठी बसल्या होत्या. मी मात्र बसमध्ये सँडविच खात होतो.

हसू नका. त्या सँडविचची आठवण आली की मला आजही घाम फुटतो.

मी लातूरला एका कोचिंग क्लासमध्ये इंग्रजी शिकवतो. लातुरात फिजिक्स-बायोलॉजीच्या सरांचे चौकाचौकात फ्लेक्स लागतात. इंग्रजीवाला सर म्हणजे फोडणीतला कढीपत्ता, वासापुरता हवा, खायचा कोणी नाही. त्यामुळं परीक्षा संपल्यावर मला सुट्टी मिळते ती भरपूर मिळते. त्या वर्षी धाकट्या भावाकडं अमेरिकेला जायचं ठरलं. तिकीट असं निघालं की वाटेत आयर्लंडला हवं तितकं थांबता येत होतं. तिथं गॉलवे नावाच्या समुद्राकाठच्या शहरात आमचा दत्ता डॉक्टर आहे. दत्ता म्हणजे नांदेडचा, आमच्याच गल्लीतला. पहिलीपासून आम्ही एका बाकावर.

पाठीवर सॅक टाकली आणि निघालो. डब्लिन पाहिलं, कॉर्क पाहिलं. मग दत्ता म्हणाला, "पक्या, गॉलवेला यायच्या आधी दोन दिस मॉरीनबाईकडं ऱ्हा. माझी पहिली नोकरी तिकडंच व्हती. म्हातारीनं मला पोटच्या पोरासारखं सांभाळलंय." मॉरीनबाई म्हणजे त्याची जुनी घरमालकीण. वय सत्तरीच्या पुढं, गुडघे गेलेले, त्यामुळं जिना चढायची नाही. मला वरची खोली दिली होती. खिडकीतून नुसता समुद्रच समुद्र. गावाचं नाव मी सांगत नाही. तिथली माणसं मला विसरली असतील तर उगाच आठवण कशाला करून द्या?

आता घरातली एक गोष्ट सांगतो, तिच्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

भूकंपाच्या आदल्या दिवशी माझा मामा नांदेडला आमच्याकडं होता. मी लहान होतो. गणपती बुडवून मग जा, असं आईनं चारदा सांगितलं. पण त्याला गावाकडची मिरवणूकही गाठायची होती. "बरं अक्का, जातो," म्हणाला आणि एसटीत बसला. किल्लारीच्या शेजारचं गाव. पहाटे ते गाव राहिलं नाही. मामाही राहिला नाही.

आई खूप रडली, आणि रडता रडता तिच्या मनात एकच गोष्ट घट्ट बसली. त्यानं "येतो" म्हणायला पाहिजे होतं. निघताना येतो म्हणायची रीत सगळ्याच मराठी घरांत आहे, पण आमच्याकडं तिचा कायदा झाला. दूधवाला चुकून जातो म्हणाला तर आई त्याला फाटकापासून परत बोलवायची आणि येतो म्हणायला लावायची. माझी तर जीभच तशी वळली. "जातो" हा शब्द माझ्या घशातच अडकतो. मराठीत अडकतो, आणि वर्गात काळ शिकवताना सोडलं तर इंग्रजीतही अडकतो.

निघताना आईनं आणखी एक काम सांगितलं होतं. माझी साडेसाती चालू होती. "समुद्र म्हंजी साऱ्या नद्यांचा बाप," ती म्हणाली. "तिथं डुबकी मार, नारळ फोड, आन् अंगावरचे जुने कपडे, चपला तिथंच सोडून ये. पीडा जाती. माघारी वळून बगू नको मात्र."

आता सांगा, आईचं ऐकणं हा गुन्हा आहे का?

निघायच्या सकाळी सॅक भरली, बिछाना नीट केला आणि खाली आलो. सॅक बाहेर ओट्यावर ठेवली. मॉरीनबाई स्वयंपाकघरात पाठमोरी उभी होती. मी तिचे मनापासून आभार मानले, आणि इंग्रजीच्या शिक्षकाला शोभेल अशा स्वच्छ उच्चारात म्हणालो, "नाऊ आय विल टेक अ डिप इन द सी. अँड देन…"

पुढचा शब्द "गो" होता. घशापर्यंत आला, अडकला, आणि बाहेर पडलं ते, "आय विल कम."

ती माझ्याकडं वळून म्हणाली, "पाणी ओढतं हं तिथं, जपून. जेवायला मासे करते." मी मान हलवली. आपण हलवतो तशी, आडवी-तिरपी. "नको, कशाला त्रास" असा माझ्या मानेचा अर्थ होता. तिनं तो "हो" असा घेतला. दत्तानं तिला माझ्या निघण्याचा दिवस सांगितला असेल असं मी धरून चाललो होतो. त्यानं सांगितलं नव्हतं. तो पहिलीपासून तसाच आहे.

किनाऱ्यावर कोणी नव्हतं. पाणी इतकं थंड की डुबकी मारल्यावर माझी साडेसाती तिथंच गारठून मेली असणार. बाहेर येऊन कॉर्कच्या बाजारात घेतलेला नारळ खडकावर फोडला. एक भकल समुद्राला दिलं, एक खडकावर ठेवलं, आईनं पुडीत बांधून दिलेलं कुंकू वाहिलं. सॅकमधले नवे कपडे चढवले, बूट घातले. जुना शर्ट आणि पँट तशीच टाकून देणं शिक्षकी पेशाला बरं दिसेना, म्हणून छान घडी केली. घडीवर चपला ठेवल्या, हात जोडले आणि निघालो. माघारी वळून बघायचं नव्हतं. बघितलं असतं तर शर्टाच्या खिशात माझा मोबाईल चमकताना दिसला असता.

पण आज्ञाधारक मुलगा ना मी! बस पकडून कॉर्कला आलो, दुपारपर्यंत बाजारात रमलो, सँडविच घेतलं आणि गॉलवेच्या बसमध्ये जाऊन बसलो.

शेजारी एक आजीबाई होत्या, लेकीकडं निघालेल्या. ड्रायव्हरनं रेडिओ लावला होता. बस शहराबाहेर पडली आणि बातम्या सुरू झाल्या. एक भारतीय पाहुणा समुद्रात बेपत्ता. सकाळी पोहायला गेला तो परतलाच नाही. बचावाच्या बोटी आणि हेलिकॉप्टर शोध घेत आहेत.

परक्या मुलखात आपलं माणूस! आजीबाईंनी छातीवर क्रूस काढला, मी हात जोडले. मग मी त्यांना समजावून सांगितलं की आमच्या देशातले लोक पाण्याला नमस्कार करतात, पण त्यांना पाण्याची ओळख नसते. त्यात तो बिचारा आमच्यासारख्या कोरड्या भागातला असेल तर संपलंच. समुद्र बघितला की असे लोक वेडे होतात. घरून निघताना कोणी समजावत कसं नाही, असंही मी म्हणालो.

"त्याची आई असेल का हो?" आजीबाईंनी विचारलं.

"असेलच," मी म्हणालो. "तिला कोण सांगणार आता?" माझा आवाज खरंच दाटून आला. म्हणून त्यांनी मला त्यांच्या डब्यातलं बिस्किट दिलं.

बस बरंच अंतर गेल्यावर पुन्हा बातम्या लागल्या. आता तपशील आला होता. माणूस पेशानं शिक्षक. मनात म्हटलं, अरेरे, आपल्याच धंद्यातला. किनाऱ्यावर त्याचे कपडे सापडले, व्यवस्थित घडी घातलेले. वा, शिस्तीचा होता. घडीवर चामडी चपला. शेजारी फोडलेला अर्धा नारळ, आणि खडकावर लाल डाग. डागांबद्दल पोलीस अजून काही बोलायला तयार नाहीत.

बिस्किट माझ्या तोंडात तसंच राहिलं.

तुम्हाला सांगतो, आपण मेलो आहोत ही बातमी माणसाला लगेच पटत नाही. आधी मला वाटलं, दुसराही कोणी नारळ फोडत असेल. मग खिसे चाचपले. मोबाईल नाही. सॅक उपसली. नाही. मग सकाळची शर्टाची घडी डोळ्यांसमोर आली, तिच्यातला फुगलेला खिसा दिसला, आणि मला सगळा हिशेब लागला. मोबाईल पोलिसांच्या हातात होता. मोबाईलमध्ये शेवटचा फोन दत्ताचा. पोलिसांनी दत्ताला सांगितलं असणार. आणि दत्तानं…

आई घरी एकटी होती. बाबा माहूरला देवीच्या दर्शनाला गेलेले. आईला रक्तदाबाचा त्रास. एकदा तिचा भाऊ असाच गेलेला, घरातून चांगला हसत निघालेला. आता तिला कोणी फोन करून "काकू, प्रकाश समुद्रात…" एवढं म्हटलं असतं, तर पुढचं ऐकायला ती शिल्लक राहिली नसती. हे मी आज गंमत म्हणून सांगत नाही. त्या क्षणी माझे पाय गार पडले होते, सकाळच्या पाण्यातही पडले नव्हते इतके.

आजीबाईंचा फोन मागितला. त्यांनी दिला. पण दत्ताचा नंबर कोणाला पाठ आहे? आजकाल बायकोचा नंबर पाठ नसतो, मित्राचा कुठून असणार! मला एकच नंबर पाठ होता, आईचा, कारण त्यावर रिचार्ज मीच मारतो. तो लावला. रिंग जात होती आणि मी मनात रेणुकामातेला म्हणत होतो, उचलणारी आईच असू दे, दुसरं कोणी नको.

"हालो." आईच होती. आवाज साधा होता. मी श्वास सोडला.

"आई, मी."

"नंबर भलताच दिसून राहिला. तुझा फोन कुठं हाय?"

"विसरलो. घरी सगळं ठीक हाय ना?"

आईनं आवाज खाली आणला. "काय की रे. मगाशी दत्ताचा फोन आल्ता. माझं बीपी इचारून राहिला. गोळी घेतली का, म्हणला. डाक्टर झाल्यापून पयल्यांदा इचारलं बघ त्यानं. मंग त्याची आई आली, शांता. मंग समोरच्या दोघी आल्या. आता तर ओसरी भरली. कुणी बोलून न्हाई राहिलं. चहा केला, तर कुणी पिऊन बी न्हाई राहिलं."

भरल्या ओसरीत बायका चहाला शिवत नाहीत, याचा अर्थ आमच्याकडं लहान पोरालाही कळतो. आईलाही कळला होता. कोणाचं काय झालं, एवढंच तिला कळत नव्हतं. बाबांचा विचार तिच्या मनात येऊन गेला असणार, म्हणून ती इतकी हळू बोलत होती.

"आई, खाली बस."

"दत्ता बी हेच म्हणला. काय झालं रे? तुझ्या बाबाचं काही…"

"बाबांचं काही न्हाई. त्या बायका माझ्यासाठी आल्यात. इकडं लोकायला वाटून राहिलं की मी समुद्रात बुडालो. मी बुडालो न्हाई आई. मी बसमधी हाय. जिता हाय."

पलीकडून ओसरीवरच्या पंख्याचा आवाज येत होता. मला मामा दिसला, पिशवी काखेत मारून फाटकात उभा असलेला. माझ्या डोळ्यांतून पाणी कधी आलं ते मला कळलं नाही. आजीबाईंनी रुमाल पुढं केला.

मग आईनं विचारलं, "त्या म्हातारीच्या घरून निघताना काय म्हणला व्हतास?"

"येतो म्हणलो."

"मंग," आई म्हणाली, "मंग तू बुडशील कसा?"

आणि फोन हातात असतानाच ओसरीकडं वळून बोलली. "शांते, चहा प्या आता. पोरगं जितं हाय. निवला असंल तर गरम करते."

पुढं जो गलका उठला त्यात फोन शांताकाकूंच्या हातात गेला. माझा आवाज ऐकून त्या आधी रडल्या, मग त्यांनी मला शिव्या दिल्या, मग पुन्हा रडल्या. मी गॉलवेच्या बसमध्ये आहे हे आधी दत्ताला सांगा आणि दत्ताला म्हणावं पोलिसांना सांग, एवढं मी त्यांच्याकडून तीनदा वदवून घेतलं.

आजीबाई हे सगळं मराठीतून ऐकत होत्या. फोन परत दिल्यावर त्यांनी हळुवारपणे विचारलं, घरी काही वाईट बातमी आहे का?

"नाही," मी म्हणालो. "तो बुडालेला माणूस मीच."

त्यांनी फोन घेतला, पर्समध्ये टाकला, आणि पर्स उचलून पलीकडच्या बाजूला ठेवली. बिस्किटाचा डबाही बंद केला.

पुढच्या थांब्यावर पोलिसांची गाडी उभीच होती. मला परत त्याच गावात नेलं. धक्क्यावर बोटीवाले उभे होते, नखशिखांत भिजलेले. मला वाटलं होतं ओरडतील. कोणी ओरडलं नाही. त्यांच्या म्होरक्यानं माझ्याकडं वरून खालपर्यंत बघितलं आणि एवढंच विचारलं की बाबा रे, पँट सोडून कोण जातं? पोलिसांनाही आधी शंका आली होती म्हणे, की खोलीत सॅक नाही म्हणजे पाहुणा निघून गेला असेल. पण पँट, चपला आणि फोन मागं ठेवून कुठलाच माणूस बस पकडत नाही, असं सगळ्यांचं एकमत झालं. लाल डाग तपासणीला पाठवायचे होते. ते कुंकू आहे हे समजावताना मी साडेसातीपर्यंत पोचलो, तेव्हा हवालदारानं हात दाखवून मला थांबवलं. कपडे, चपला आणि चार्जिंग संपलेला मोबाईल पिशवीत घालून माझ्या हातात दिले. नको म्हणायची माझी छाती झाली नाही.

मॉरीनबाई दारात खुर्ची टाकून बसली होती. तेच गुडघे घेऊन ती खडकापर्यंत चालत गेली होती. जेवण निवलं, मी आलो नाही, म्हणून स्वतः बघायला गेली आणि तिलाच ते कपडे दिसले. मला बघून ती उठली नाही. तिच्या डोळ्यांकडं बघवत नव्हतं.

"तू येतो म्हणाला होतास," ती म्हणाली. "ह्या गावात समुद्रावर जाणारा माणूस येतो म्हणाला की त्याचं ताट वाढून ठेवतात. आणि तो आला नाही तर सगळा गाव उठतो."

मी तिच्यासमोर पायरीवर बसलो आणि सगळं सांगितलं. मामाचं सांगितलं, आईचं सांगितलं, दूधवाल्याचं सांगितलं. मग तिनं माझ्या डोक्यावर एक टपली मारली, चांगली सणसणीत, आणि मग केसांवरून हात फिरवला.

तिच्याच फोनवरून पुन्हा आईला लावला. आईनं सगळं ऐकून घेतलं आणि मग इतक्या वर्षांचा कायदा स्वतःच बदलला. "त्या लोकायला आता जातो म्हण बापा," ती म्हणाली. "देव समजून घेतो. पोलीस न्हाई घेत."

मॉरीनबाईनं जेवून जा म्हणून सांगितलं. पण मला त्या गावात तोंड दाखवायची लाज वाटत होती. शेवटची बस अजून मिळेल, असं हवालदार म्हणाला होता. मी सॅक उचलली. शेजारीपाजारी दारात जमले होते, बोटीवालेही आले होते. सगळ्यांसमोर उभा राहिलो, आणि आयुष्यात पहिल्यांदा कोणाचा तरी निरोप घेताना स्पष्ट म्हणालो, "आय ॲम गोइंग. आय विल नॉट कम."

लोकांनी टाळ्या वाजवल्या हो! म्होरक्यानं पाठ थोपटली. मॉरीनबाईनं गळामिठी मारली, तिचे डोळे भरले, माझेही भरले. शेजारच्या बाईनं माझ्यासाठी प्रार्थना केली. कोपऱ्यावर पोचेपर्यंत सगळे हात हलवत उभे होते.

थांब्यावर गेलो तर बस निघून गेलेली.

काय करता? गावात दुसरी राहायची जागा नाही. लोक घरात जाईपर्यंत थांबावं म्हणून एका भिंतीआड उभा राहिलो, तर तिथला कुत्रा भुंकायला लागला. शेवटी मान खाली घालून आल्या रस्त्यानं परत निघालो. दारं होती तशीच उघडी होती, आणि माणसं होती तशीच उभी होती. फक्त आता कोणी हात हलवत नव्हतं.

मॉरीनबाईनं मला पायरीपर्यंत येऊ दिलं. मग कमरेवर हात ठेवून सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "येतो म्हणतोस तेव्हा जातोस, आणि जातो म्हणतोस तेव्हा येतोस. तुझ्या शाळेतली पोरं पास कशी होतात?"